पुढच्या पंगतीला वाढायला उभे राहा



आजच्या भाषणासाठी प्राचार्यांनी पत्रातून मला ‘सॉफ्टवेअर क्षेत्रातील संधी’ हा विषय कळवला होता. त्यावर बोलायचंच आहे. पण मंडपात शिरलो आणि पहिल्या रांगेत आमच्या गणिताच्या बाई दिसल्या. बाई, तुम्ही या वयात इतक्या संध्याकाळी आलात, मला फार भरून आलं. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तुम्ही सोडवायला ठेवलेलं गणित घरी जाईपर्यंत डोक्यात घोळत राहायचं. पुढे प्रोग्राम लिहायला लागलो तेव्हा ती सवय रोज कामाला आली.

आम्ही इथे शिकत होतो तेव्हा पनवेलला मुंबईची लोकल नव्हती, ती १९९८ साली आली. मुंबईला जायचं तर एस.टी. गाठायची. संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं आणि एका यंत्रापुढे तिघांनी बसायचं. ग्रंथालयात ‘पीसी क्वेस्ट’ मासिक यायचं. आमचे ग्रंथपाल त्यातली सीडी स्वतःच्या कपाटात जपून ठेवत आणि वहीत सही घेऊन एका रात्रीपुरती देत. १९९६ साली अशाच एका सीडीवरून लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम माझ्या हाती आली.

त्याचं मोल आज सांगावं लागतं. विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, आणि तेही टेलिफोनच्या तारेवरून, मुंगीच्या पावलानं. अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम त्या तारेवरून उतरवून घेणं विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं नव्हतं. ती मासिकाबरोबर घरोघर पोहोचवावी, यासाठी झटणारा माणूस होता अतुल चिटणीस. आज मला त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

त्यांचा जन्म १९६२ साली बर्लिनचा, पण ते वाढले आपल्या बेळगावात. इंजिनिअरिंग तिथल्याच गोगटे इन्स्टिट्यूटमध्ये केलं आणि पुढे बंगळूरला स्थायिक झाले. १९८९ मध्ये त्यांनी ‘सिक्स’ नावाचं बुलेटिन बोर्ड सुरू केलं. टेलिफोनला जोडलेला एक संगणक, त्याला लोकांनी आपल्या संगणकावरून फोन लावायचा, निरोप ठेवायचे, फाइली घ्यायच्या. देशात इंटरनेट सर्वांना मिळण्याच्या सहा वर्षं आधीची ही गोष्ट! २००१ पासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूरला मुक्त सॉफ्टवेअरचं, म्हणजे कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येणाऱ्या प्रोग्रामचं, संमेलन भरवायला सुरुवात केली. आधी त्याचं नाव ‘लिनक्स बंगलोर’ होतं, २००५ पासून ‘फॉस डॉट इन’ झालं. जगभरातले प्रोग्रामर तिथे येत. चिटणीस बोलायला रोखठोक होते. नुसतं ऐकायला येऊ नका, काम करायला या, असा त्यांचा आग्रह असे. गिटार घेऊन ते लोकसंगीत गात. घरी पत्नी आणि मुलगी होती. २०१२ मध्ये त्यांना आतड्याचा कर्करोग झाला आणि ३ जून २०१३ रोजी, अवघ्या ५१ व्या वर्षी, ते गेले. आमची प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही, तरीही ती बातमी वाचल्यावर त्या दिवशी माझ्याच्यानं काम झालं नाही.

मुलांनो, मला एकच सांगायचं आहे. जेवून उठलात की पुढच्या पंगतीला वाढायला उभे राहा. तुमच्यापैकी बहुतेकांच्या हातातल्या फोनमध्ये लिनक्सचा गाभा आहे. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्यानं, लिनस टोरवाल्ड्सनं, तो लिहायला घेतला आणि नंतर हजारो लोकांनी त्यात भर घातली. त्यातलं काही तुम्ही विकत घेतलं नाही. मग तुम्ही काय वाढणार? मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. कर्नाळ्याच्या किल्ल्यावर आणि अभयारण्यावर, शिरढोणच्या वासुदेव बळवंतांवर, गाढी नदीवर तुमच्याइतक्या जवळून कोण लिहील? फायरफॉक्स, लिब्रेऑफिस मराठीत आहेत, तिथे भाषांतराला हात हवे आहेत. प्रोग्राम लिहिता येत नाही म्हणून अडत नाही. दोष कळवा, चित्र काढा, आपल्याला जमलेली पायरी दुसऱ्याला जमेल अशी लिहून ठेवा. पण वाढायला उभे राहा. ‘नोकरी लागल्यावर बघू’ म्हणाल तर ते राहून जाईल. पहिल्या वर्षाला आहात ना? पहिल्या वर्षापासूनच करा.

आणि चिटणीसांसारखी माणसं घर सोडून काम करतात असं समजू नका. संमेलनं, लेख, रात्री-बेरात्रीचे फोन, हे घरच्यांनी सांभाळून घेतलं तरच होतं. समोर बसलेल्या आईवडिलांनो, मुलगा किंवा मुलगी फुकट काम करत बसलीय म्हणून रागावू नका. जवळ बसा, काय चाललंय ते विचारा. मुलांनो, तुम्हीही ते आईला कळेल असं सांगा. माझी आई बाराखडीपलीकडे शिकली नव्हती, पण सीडीवरून संगणकात काय उतरतंय ते तिला ठाऊक असायचं, कारण ती विचारायची आणि मला सांगावं लागायचं.

संधींचं थोडक्यात सांगतो. भाषा आणि साधनं दर काही वर्षांनी बदलतात. म्हणून माझ्याकडे मुलाखतीला याल तेव्हा मी गुणपत्रिकेआधी तुम्ही जगासमोर खुलं ठेवलेलं काम पाहतो. ज्यानं दुसऱ्याचा प्रोग्राम वाचून दुरुस्त केला आहे, त्याच्याशी माझं बोलणं जास्त वेळ रंगतं आणि बहुतेकदा तोच निवडला जातो.

ग्रंथपाल सर आज आपल्यात नाहीत. त्यांच्या कपाटाच्या जागी आता संगणकांची रांग आहे असं प्राचार्यांनी मघाशी दाखवलं. प्राचार्य सर, माझी एक विनंती आहे. ती खोली शनिवारी दुपारी उघडी राहू द्या. येत्या शनिवारपासून मी स्वतः येईन. दोन मुलं आली तरी चालेल. पहिलं काम मराठी विकिपीडियावरचे पनवेल तालुक्यातल्या गावांचे लेख पूर्ण करण्याचं घेऊ, म्हणून येताना आपल्या गावाची माहिती घरातल्या मोठ्यांकडून विचारून, वहीत लिहून आणा. नावं आजच बाईंच्या शेजारी बसलेल्या विभागप्रमुखांकडे द्या.