राणीचें खासगी घर

व्हिक्टोरिया राणीला राजवाड्यांची वाण नव्हती. पण ते सारे सरकारी खात्यांच्या ताब्यांतले. आपलें म्हणतां येईल असें घर तिला हवें होतें. म्हणून १८४५ सालीं तिनें स्वतःच्या पैशानें आइल ऑफ वाइट बेटावरील ऑसबोर्नची मालमत्ता विकत घेतली. जुनें घर अपुरें पडलें, तेव्हां पति आल्बर्ट यानें टॉमस क्यूबिट या बांधकामतज्ज्ञाच्या साहाय्यानें समुद्राभिमुख नवी वास्तु उभारली.

तेथील मुलांची व्यवस्था पाहण्यासारखी होती. राजपुत्र असो वा राजकन्या, प्रत्येकाला भाजीचा वाफा आणि आपल्या नांवाचीं आद्याक्षरें घातलेलीं अवजारें! पिकलेली भाजी बाप बाजारभावानें विकत घेई. हिशेब शिकविण्याची याहून चांगली रीत कोणत्या शाळेंत सांपडेल?

१८६१ सालीं आल्बर्ट वारला. राणीनें त्याच्या खोल्या होत्या तशाच राखल्या. उतारवयांत मुनशी अब्दुल करीम याजकडून हिंदुस्थानी शिकणारी ही वृद्धा २२ जानेवारी १९०१ रोजीं याच घरांत निवर्तली. घर कुटुंबांतच राहावें ही तिची इच्छा. पण एडवर्ड राजाला त्याची ओढ नव्हती. १९०२ सालीं त्यानें तें राष्ट्राला देऊन टाकलें. आईच्या खासगी खोल्यांना मात्र कुलूप घातलें. त्या लोकांना खुल्या झाल्या १९५४ सालीं.