वसवसा आणि माझा वुजू
(एरंडोल येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



मित्रांनो, बहिणींनो, आज माझीच गोष्ट सांगतो. अकरावीत असताना फजरच्या वुजूला मला चाळीस मिनिटं लागायची. कोपर कोरडं राहिलं असेल, या शंकेनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जमात होऊन जायची. उन्हाळ्यात आपल्याकडे पाण्याची काय ओढ असते, तुम्हाला सांगायला नको. अम्मीनं भरून ठेवलेला ड्रम मी एकटा संपवायचो. ती रागवायची नाही. दाराशी उभी राहून म्हणायची, "झाला बेटा, मी बघितलं." तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. मग पुन्हा, "अम्मी, नक्की बघितलंस ना?"

कुणी म्हणालं, ईमान कच्चं आहे. कुणी म्हणालं, पोरगा फार परहेजगार! दोन्ही चूक. हा ओसीडी नावाचा आजार आहे. मराठीत 'मंत्रचळ' हा जुना शब्द आहेच. नको असलेला विचार घुसतो, जीव घाबरतो, मग माणूस धुतो, मोजतो, तपासतो. क्षणभर सुटका होते आणि तीच सवय लागते. काहींना ऐन नमाजमध्ये कुफ्रचे, घाणेरडे विचार येतात आणि शरमेनं ते कुणालाच सांगत नाहीत. ते विचार त्यांना नकोसे असतात, म्हणूनच तर इतका त्रास होतो.

आपल्या जुन्या विद्वानांना हे ठाऊक होतं. अबू जैद अल-बल्खी यांनी हजार वर्षांपूर्वीच शरीर आणि मनाच्या आरोग्यावरच्या ग्रंथात वसवशाबद्दल लिहिलं. यकीन शंकेनं मोडत नाही, हा फिक्हचा नियम मलाही पाठ होता. तरी हात थांबत नव्हता. समजावून थांबला असता तर तो आजार कसला?

अब्बूंना धास्ती, 'वेड्यांच्या डॉक्टरकडे' गेल्याचं मोहल्ल्यात कळलं तर? शेवटी तेच मला एसटीनं जळगावला घेऊन गेले. गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन महिने लागले. सोबत डॉक्टरांच्या देखरेखीखाली सराव: वुजू एकदाच, शंका आली तरी नळाकडे परतायचं नाही, भीती आपोआप ओसरेपर्यंत थांबायचं. अम्मीला सांगितलं होतं, त्याला खात्री देऊ नका. तिला ते फार जड गेलं. "मला नाही माहीत, बेटा," म्हणून ती स्वयंपाकघरात निघून जायची.

अजूनही शंका येते. मी मुसल्ल्यावर उभा राहतो.

जळगावच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेलि-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. अस्रला अजून वेळ आहे. कुणाला एकट्यानं बोलायचं असेल तर मी मागच्या दाराशी थांबतो.