तळ्यापलीकडे राहिलेला डबा

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला अमेरिकेच्या प्रवासाविषयी बोलायला सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी अमेरिकेत पाहिले ते काय? मुलाचे स्वयंपाकघर आणि एक मोठी जत्रा." त्या म्हणाल्या, "मग जत्रेवरच बोला." तेव्हा आज जत्रेवर बोलते. पण तिथले पाळणे कसे गरगर फिरतात ते माझ्याकडून ऐकण्याची अपेक्षा करू नका. त्यासाठी माझी नात आहे. मी बोलणार आहे ती अशा गर्दीत घरच्या सहा माणसांची पोटे वेळेवर कशी भरावीत, एवढ्यावरच. विषय लहान वाटेल. मलाही तो २०२३ च्या डिसेंबरापर्यंत लहानच वाटत होता.

त्या वर्षी नाताळच्या सुटीत मुलाने आम्हां दोघांना फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडोजवळच्या डिस्ने वर्ल्डला नेले. वॉल्ट डिस्ने हे गृहस्थ १९६६ साली वारले, आणि ही जागा उघडली १९७१ च्या ऑक्टोबरात. म्हणजे ज्याने ती मनात रंगवली त्याला ती पाहायला मिळालीच नाही. एकाच्या जोडीला एक अशी आता तिथे चार उद्याने आहेत. पहिले आणि सर्वांत गजबजलेले ते मॅजिक किंग्डम. त्या एकट्या उद्यानात २०२३ साली सुमारे पावणेदोन कोटी माणसे येऊन गेली असा अंदाज आहे. त्यातून नाताळ ते नवे वर्ष हा आठवडा म्हणजे तिथली आषाढी एकादशीच. मुलांच्या शाळांना सुटी तेव्हाच, म्हणून आम्हीही तेव्हाच.

आमच्या सूनबाईंनी या सहलीची तयारी चार महिने आधीपासून केली होती. कोणत्या पाळण्यात किती वाजता बसायचे, कुठून कुठे चालत जायचे, सगळे कागदावर. मी आपली आदल्या रात्री दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी घेतली, थोडे लाडू घेतले. सून म्हणाली, "आई, तिथे सगळं मिळतं हो. उगीच ओझं कशाला?" मी म्हटले, "असू दे गं, मोटारीत राहील." हे वाक्य मीच बोलले, हे लक्षात ठेवा.

कारण मोटारीत राहील म्हणजे कुठे राहील, हे मला ठाऊक नव्हते. मॅजिक किंग्डमला मोटार उभी करण्याची जागा दरवाजाशी नाही. मध्ये एक मोठे तळे आहे. मोटार अलीकडच्या तीरावर ठेवायची, आणि मग नावेने किंवा उंचावरून धावणाऱ्या एकरुळी गाडीने पलीकडे जायचे. म्हणजे मोटारीतून काही आणायचे तर मुक्कामाचा निम्मा प्रवास पुन्हा करायचा. माझा डबा तळ्याच्या एका तीरावर, आणि आमची भूक दुसऱ्या.

आमच्या यजमानांना मधुमेह आहे, हे आपणांपैकी पुष्कळांना माहीत आहे. त्यांची गोळी अशी आहे, की ती घेतली म्हणजे पोटात वेळेवर अन्न गेलेच पाहिजे. नाहीतर साखर खाली येते. रोजच्याप्रमाणे बाराला जेवायचे, म्हणून त्यांनी पावणेबाराला गोळी घेतली. ती पर्समधून काढून दिली मीच. बाराला आम्ही उपाहारगृहाच्या दारात. आणि बाराला आमच्यासारखी सगळी दुनियाही दारात! पाऊण तास झाला तरी आम्ही रांगेतच. यजमान मध्येच मुलावर विनाकारण करवादले. ते कधी करवादत नाहीत. मी वळून पाहिले तो कपाळावर घाम, हात कापताहेत, आणि विचारलेल्याचे उत्तर भलतेच. मी पर्स उपडी केली; त्यात रुमाल, चष्मा, पासपोर्टाच्या प्रती. खडीसाखरेचा एक खडा नव्हता! मागे उभ्या असलेल्या एका परक्या बाईने आपल्या मुलाच्या पिशवीतला संत्र्याच्या रसाचा डबा फोडून माझ्या हाती दिला. तिचे नाव मी विचारले नाही. त्या वेळी कुणाला सुचते? दहा-पंधरा मिनिटांत ते भानावर आले. मग मुलाने त्यांना तिथल्या प्रथमोपचार केंद्रात नेले. तिथली माणसे फार मायेने वागतात. साखर तपासली, थोडे खायला दिले, निजवले.

रात्री मुक्कामाच्या घरी सून भांडी विसळताना एकदम रडू लागली. म्हणाली, "आई, सगळ्याच्या वेळा मी लिहिल्या, जेवणाचीच लिहिली नाही." मी म्हटले, "अगं, डबा तळ्यापलीकडे मी ठेवला, गोळी मी दिली. तू एकटी कशाला रडतेस?" मग आम्ही दोघी तो कागद घेऊन बसलो. परवाच्या दिवशी पुन्हा तिथेच जायचे होते. आधीचा कागद पाळण्यांभोवती आखलेला होता. आता यजमानांच्या गोळीपासून आणि धाकट्या नातवाच्या भुकेपासून सुरुवात केली, आणि पाळणे मधल्या फटींत बसवले.

आता त्यातले तुमच्या उपयोगाचे सांगते. तिथे बाहेरचे खाणे आत नेता येते. दारावर पिशवी तपासतात, तेव्हा खाणे आहे म्हणून आपणच सांगावे. काचेची बरणी चालत नाही, मद्य चालत नाही, सुटा बर्फ चालत नाही, आणि जिन्नस असा हवा की तो पुन्हा तापवावा लागणार नाही. आपल्या आजीच्या यात्रेच्या शिदोरीला नेमके हेच नियम होते, नाही का? दशमी, तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, कोरडी चटणी, चिवडा, गूळपोळी. कांदा घातलेले थालीपीठ मात्र नेऊ नये. दुपारपर्यंत त्याला वास येतो. डिसेंबरात हवा बरी असते, पण उन्हाळ्यात फ्लोरिडा आपल्या कोकणासारखे दमट आणि तापलेले असते, तेव्हा दही-दुधाचे काहीच नको. पाणी विकत घेण्याची गरज नाही. जिथे पेये मिळतात त्या खिडकीवर बर्फाचे पाणी मागितले तर फुकट देतात. त्या पाण्याला किंचित वास असतो. मी लिंबाची फोड पिळून पाजले.

विकतचे जेवण असेल तर ते दुनियेच्या आधी तरी घ्यावे किंवा नंतर तरी. बारा ते दोन ही वेळ सर्वांत वाईट. तिथे फोनवरून जेवण आधी मागवून ठेवता येते, आणि ते घ्यायला यायची वेळही आपणच निवडायची असते. पण गर्दीच्या दिवशी मधल्या वेळा भराभर संपतात. म्हणून मुलाने सकाळी न्याहारी करतानाच अकराची वेळ धरून ठेवली. टेबलावर बसून वाढून घ्यायचे जेवण हवे असेल, तर त्याची नोंद साठ दिवस आधी उघडते. साठ दिवस आधी कुणाला काय खावेसे वाटेल ते मला तरी सांगता येत नाही. पण आमच्याकडे वयस्कर माणूस आहे, त्याला बसायला निश्चित जागा हवी, म्हणून अशी एक नोंद करावी असे आता माझे मत झाले आहे.

शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट. तिथल्या पदार्थांच्या पाटीवर काही नावांपुढे पानाची खूण असते. ती आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्यासारखी नव्हे. पान म्हणजे त्यात मांसाबरोबर दूध, अंडे, मधसुद्धा नाही. तेव्हा चीज घातलेला शाकाहारी पदार्थ असला तरी त्यापुढे पान नसेल, विचारून घ्यावे. वाढतात फार. मोठ्या माणसाच्या एका ताटात आम्ही दोघे जेवलो. एकेका ताटाला दहा-पंधरा डॉलर पडतात, तेव्हा यात कंजूषपणा नाही, शहाणपण आहे.

दुसऱ्या खेपेला आम्ही पहाटे मुक्कामी उपमा खाऊन निघालो. साडेदहाला रांगेतच मुलांच्या हाती दशमीची गुंडाळी दिली. अकराला यजमानांची गोळी, आणि ती ताट प्रत्यक्ष समोर आल्यावर! आधी नाही. माझ्या पर्समध्ये रसाचे दोन डबे आणि साखरेची पुडी होती. डॉक्टरांनी पूर्वीच सांगून ठेवले होते ते मी त्या दिवशी नीट पाळले: साखर उतरली की तीन चमचे साखर किंवा लहान पेलाभर रस, पंधरा मिनिटे थांबायचे, पुन्हा तपासायचे, आणि मग जेवण. चॉकलेट देऊ नये. त्यातल्या स्निग्धामुळे साखर अंगी लागायला वेळ लागतो.

जेवायला आम्ही कोलंबिया हार्बर हाउस नावाच्या उपाहारगृहात गेलो. त्याला वरचा मजला आहे, आणि खाली जागेसाठी धडपडणाऱ्या पुष्कळांना तो जिना दिसतच नाही. वर शांत, गार, खिडकीशी टेबल. मुलांनी बटाट्याच्या काड्या खाल्ल्या, यजमानांनी घरच्या चटणीशी दशमी खाल्ली. सूनबाईंनी आपणहून दुसरी मागून घेतली, हे मी पाहिले आणि काही बोलले नाही.

मग बाराला दुनिया जेवायला निघाली, तेव्हा आम्ही बसून पाहायच्या खेळांना गेलो. त्यातला एक तर आपल्या मंडळाने पाहावा असा आहे. 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस' त्याचे नाव. १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी तो केला, आणि १९७५ पासून तो फ्लोरिडात आहे. रंगमंच जागीच राहतो आणि आपण बसलेले गोलाकार प्रेक्षागृह त्याच्याभोवती फिरते. एकाच कुटुंबाचे घर वेगवेगळ्या काळांत दिसते. आधी हातपंप आणि कोळशाची शेगडी, मग विजेची यंत्रे एकेक करून वाढत जातात. शेवटच्या प्रवेशात भट्टी माणसाचे बोलणे ऐकून चालते. घरचा बाप खेळातले गुण बोलतो, भट्टी ते उष्णतेचे आकडे समजते, आणि नाताळची टर्की जळून कोळसा होते! यजमान इतके हसले, की पुढच्या रांगेतली माणसे वळून पाहू लागली. परवा याच माणसाला माझे नाव नीट घेता येत नव्हते.

दुपारी मिरवणूक निघाली की पुन्हा उपाहारगृहे रिकामी होतात. तेव्हा चहा-कॉफी घ्यावी. रात्रीचे जेवण पाचलाच उरकावे, कारण आतषबाजीच्या आधी पुन्हा तीच झुंबड. पाचला जेवण म्हणजे आपल्याला जैनांसारखे वाटते, पण नऊला एक लाडू हाती दिला की मुले कुरकुरत नाहीत. तान्हे मूल बरोबर असेल तर प्रथमोपचार केंद्राला लागूनच बाळांसाठी खोल्या आहेत. तिथे दूध पाजायला आडोसा आहे आणि बाळाचे अन्न तापवायची सोयही आहे.

आपल्याकडच्या पुष्कळ उद्यानांत बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत. तेव्हा मंडळाची पुढची सहल ठरेल त्या वेळी चिटणीसबाईंनी आधी दूरध्वनी करून विचारावे, की मधुमेहाच्या माणसाला आणि लहान मुलांना काय नेता येईल. आणि कृपा करून जेवणाची वेळ साडेबारा ठेवू नये. मागच्या वेळी ती मीच सुचवली होती.

गेल्या आठवड्यात सूनबाईंचा फोन आला. पुन्हा कुठेशी जायचे आहे, म्हणाली, "आई, त्या दशम्यांचं प्रमाण सांगा ना." इथेही दोघींनी विचारले आहे, म्हणून सांगून टाकते. दोन वाट्या कणीक, चवीला मीठ, दोन चमचे तेल. आणि भिजवायचे ते फक्त दुधात, लागेल तसे. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. मंद आचेवर तूप सोडून भाजायच्या, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायच्या नाहीत.