घोटा मुरगळला तर...
(मुक्कामी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही दिंडीची औषधपेटी सांभाळणारी माणसं. कीर्तन-प्रवचन आमच्याकडून होणार नाही. पण विणेकरीबुवांनी दोन शब्द सांगायला उभं केलंय, तर आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट ज्या घोट्यांवर सरते, त्यांच्याबद्दलच बोलतो.

घोटा काही फक्त घाटात मुरगळत नाही. पहाटेच्या अंधारात डांबराची कड सुटते, पावली खेळताना पाय दुसऱ्याच्या पायावर पडतो, डोईवर तुळस घेतलेल्या मायमाऊलीला पुढचा खड्डा दिसत नाही. पाऊल आत वळतं आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे, हाडाला हाड धरून ठेवणारे बंध ताणतात, कधी तुटतातही.

मग दोन गोष्टी घडतात. एकतर माणूस दुखणं लपवतो. 'सांगितलं तर ट्रकमध्ये बसवतील, वारी चुकेल,' ही धास्ती. नाहीतर कुणी जाणता पुढं होतो, गरम तेलानं रगडतो, पाय ओढून 'बसवतो'. हाड मोडलेलं असलं तर या ओढाताणीत ते आणखी सरकतं.

तेव्हा आधी थांबा. सूज चढायच्या आत जोडवी, पैंजण, बूट काढा. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं धरा; बर्फ नसेल तर गार पाण्याची घडी ठेवा. क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधा. बोटं निळी पडली, मुंग्या आल्या, तर लगेच सैल करा. आडवं पडून पाय वळकटीवर, छातीपेक्षा उंच ठेवा. पहिले दोन-तीन दिवस शेक नको, मालीश नको.

पाय वाकडा दिसतोय, जखमेतून हाड दिसतंय, पाऊल गार किंवा बधिर पडलंय, तर उभंसुद्धा करू नका. पाय आहे तसा आधार देऊन ठेवा आणि १०८ ला फोन लावा.

तसं काही नसेल, तर मोडलंय की लचकलंय हे कसं ओळखायचं? 'बोटं हलतात, म्हणजे हाड शाबूत' हे खरं नाही. नुसत्या सुजेवरूनही कळत नाही. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली एक सोपी पारख मांडली, ती आजही जगभर वापरतात. लंगडत का होईना, चार पावलं टाकता येतात का? घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडाच्या टोकाला किंवा मागच्या कडेला दाबलं की कळ येते का? पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मध्यावर जे हाड वर आलेलं असतं, तिथं दुखतं का? आतल्या बाजूला, पावलाच्या कमानीवरच्या हाडाला दुखतं का? पावलं पडत नसतील, किंवा यातल्या एकाही जागी हाड दुखत असेल, तर एक्स-रे काढायचाच.

साखरेचा आजार असलेल्यांनी या पारखीवर विसंबू नये. त्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असते, हाड मोडूनही कळ येत नाही. पाय सुजला, लाल झाला, हाताला गरम लागला, तर दुखत नसलं तरी डॉक्टरकडं जा. म्हाताऱ्या माणसांची हाडं ठिसूळ, लेकरांना नीट सांगता येत नाही. त्यांनाही दाखवून घ्यावं.

राहिला वारी चुकण्याचा प्रश्न. ट्रकमध्ये बसलेला वारकरी वारीतच असतो, माऊली. मुखात नाम आहे, हातात टाळ आहे. दुखरा पाय रेटला तर बंध नीट सांधत नाहीत आणि तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. एका वर्षाच्या हट्टापायी पुढच्या कैक वाऱ्या जातात.

म्हणून दिंडीला एकच विनंती. रोज मुक्कामी समाजआरती झाली की चोपदारांनी विचारावं, 'कुणाचा पाय दुखतोय का?' आणि जो हात वर करील, त्याला कुणी हसू नये. शंभर वर्षं ही दिंडी एकमेकांच्या आधारानं चालली. पुढंही तशीच चालावी.

रामकृष्ण हरी!