आशेचा वारसा
(महोत्सवाच्या सायंकालीन सभेंत झालेलें भाषण)



ह्या आनंदाच्या दिवशीं मीं दुःखाविषयीं बोलावें, ह्याचें आपणांस नवल वाटेल. परंतु आज ह्या मंडपांत बसलेल्यांपैकीं कोणाच्या घरीं दीर्घ आजार आहे, कोणाचा रोजगार गेला आहे, कोणाच्या घरचें माणूस ह्याच वर्षीं देवाघरीं गेलें आहे. अशांस "आशा धरा" असें म्हणणें सोपें; ती कशाच्या आधारें धरावी, हें सांगणें कठीण. म्हणून उपदेश न करितां मी एक घडलेला वृत्तांत सांगतों.

आपल्या वसईंत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ह्यांनीं ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांतील नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर प्राणार्पण केलें, हें आपल्या लहान मुलांसही ठाऊक आहे. पण त्यांच्या मागें तेथील ख्रिस्ती जनांचें काय झालें?

१६१४ सालीं जपानच्या राज्यकर्त्यांनीं ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदी घातली व धर्मगुरूंना देशाबाहेर घालविलें. जे लपून राहिले, ते एकामागून एक पकडले गेले. १६४४ च्या पुढें लोकांची सेवा करणारा एकही धर्मगुरु उरला नाहीं. देवळें पाडलीं गेलीं. संशयितांस प्रभूची अथवा देवमातेची प्रतिमा पायांनीं तुडवावयास लावीत. मिस्सा नाहीं, पापनिवेदन नाहीं, मरतेवेळीं तैलाभ्यंग नाहीं. असें सवादोनशें वर्षें चाललें.

त्या काळांत नागासाकीजवळच्या उराकामी गांवांतील गरीब शेतकऱ्यांनीं काय केलें? एकानें सणांचे व उपवासांचे दिवस मोजून ठेविले. दुसऱ्यानें बालकांस स्नानसंस्कार दिला. वडील माणसांनीं मुलांस दबक्या आवाजांत प्रार्थना शिकविल्या. धर्मगुरु पुन्हां येतील, हा निरोप बापानें मुलास दिला. निरोप देणारे तो दिवस न पाहतां मेले. निरोप मात्र खंडला नाहीं.

१८६५ सालीं नागासाकी येथें परदेशीयांकरितां एक देऊळ उभें राहिलें, आणि तें त्या सव्वीस रक्तसाक्ष्यांच्याच, म्हणजे आपल्या संत गोन्सालोंच्याही, नांवें अर्पण झालें. १७ मार्च रोजीं सुमारें पंधरा माणसें त्याच्या दाराशीं आलीं. फ्रेंच धर्मगुरु पेतीजां प्रार्थना करीत असतां एका स्त्रीनें त्यांस हळूच सांगितलें कीं, आमचें व आपलें अंतःकरण एकच आहे. आणि विचारिलें कीं, सांता मारियाची मूर्ति कोठें आहे? तो उपवासकाळ होता, आणि तीं माणसेंही तो पाळीत होतीं!

परंतु संकट येथें संपलें नाहीं. बंदी कायमच होती. १८६८ पासून उराकामीच्या तीन हजारांहून अधिक ख्रिस्ती जनांना हद्दपार केलें. त्यांपैकीं सहाशेंहून अधिक परठिकाणीं मेले. १८७३ सालीं बंदी उठल्यावर जे परतले, त्यांनीं पुढें पुष्कळ वर्षें कष्ट करून विटांचें मोठें देवालय बांधिलें. ९ ऑगस्ट १९४५ रोजीं अणुबाँबनें तेंही कोसळलें. तेथील सुमारें बारा हजार कॅथलिकांपैकीं साडेआठ हजार मृत्यु पावले. दोन घंटांपैकीं एक फुटली, एक ढिगाऱ्याखालीं शाबूत सांपडली. त्याच वर्षीं नाताळच्या आदल्या रात्रीं उरलेल्यांनीं ती वाजविली. आणि ८० वर्षांनीं, २०२५ सालीं, फुटलेल्या घंटेच्या जागीं नवी घंटा चढली. ती अमेरिकेंतील कॅथलिकांनीं दिलेली आहे.

बंधुभगिनींनो, उद्यां सर्व ठीक होईल असा अंदाज म्हणजे आशा नव्हे. त्या लोकांचे अंदाज पुनःपुन्हां चुकले. त्यांची आशा अशी होती कीं, प्रभु मरणांतून उठला आहे, म्हणून त्याच्यासाठीं केलेलें लहानसें कामही फुकट जात नाहीं. त्याचें फळ आपण पाहूं अथवा न पाहूं.

आज आपणांजवळ देऊळ आहे, धर्मगुरु आहेत, वेदी आहे. उराकामीजवळ ह्यांपैकीं कांहीं नव्हतें; फक्त घरची प्रार्थना होती. ती आपल्या किती घरांत उरली आहे, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें. आज सायंकाळीं घरीं जाऊन मुलांसह जपमाळ हातीं घ्या. आणि ज्याच्या घरीं दुःख आहे, त्याच्या ओटीवर जाऊन घटकाभर बसा. अंधारांत वाट पाहणाऱ्यास सोबत हवी असते.

संत गोन्सालो, आम्हांसाठीं विनंति करा. आमेन.