बोल्ट आवळण्याची रीत



गॅरेजात नवा मुलगा बोल्ट आवळताना सारा जोर लावतो. मीही तेच केले होते. एका टेम्पोचे सिलिंडर हेड बसवताना एका टोकापासून एकेक बोल्ट पुरता आवळत गेलो. चार दिवसांत गॅस्केटमधून पाणी गळाले, इंजिन तापले आणि त्या गरीब मालकाची रोजी बुडाली.

जोर पुरेसा होता. क्रम चुकला होता. एक बाजू आधी दाबली की गॅस्केटवर दाब सारखा बसत नाही. म्हणून प्रथम दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करा. सर्व बोल्ट हाताने बसवा. मग मधल्या बोल्टांपासून आलटून-पालटून कडेकडे जात दोन-तीन फेऱ्यांत थोडेथोडे आवळा. शेवटी जोर मोजणारा टॉर्क रेंच घ्या आणि कंपनीच्या पुस्तकातील आकडा पाळा. अतिजोराने बोल्ट ताणतो, आटे निकामी होतात. काही इंजिनांत काढलेले हेड बोल्ट पुन्हा वापरता येत नाहीत. तेही पुस्तकच सांगते.

तेव्हा पालकहो, मुलाला गॅरेजात घालायचे म्हणून त्याची शाळा सोडवू नका. ते पुस्तक त्याला वाचता आले पाहिजे.