तुकड्यांतून करकरा

(वर्धापनदिनी मंडळात केलेले भाषण)



आज मी लोणची-पापडांवर बोलणार नाही, म्हणून काहीजणी मनातून खूष झाल्या असतील. माझा विषय आहे लाकडाचा करकरा. दांडा धरून मुले गरागरा फिरवतात आणि मोठ्यांची डोकी उठवतात, तेच हे खेळणे.

आमच्या वाड्याच्या तळमजल्यावर दिरांचा सुतारकामाचा कारखाना आहे. तिथले उरलेले तुकडे वर्षानुवर्षे बंबात जात. पण शेजारच्या मावशींना अर्धांगवायू झाला, वाचा गेली, उजवा हात लुळा पडला, तेव्हा मी त्या तुकड्यांकडे निराळ्या नजरेने पाहू लागले. त्यांची सून दिवसभर कामावर. खाटेजवळ विजेची घंटा लावली होती, पण वीज गेली की तीही मुकीच! एका दुपारी मावशी दोन तास पाण्यावाचून पडून होत्या आणि वाड्यात कुणालाही कळले नाही.

करकऱ्याला लागते काय? एक दातेरी चाक, त्यावर टेकलेली लवचीक पट्टी आणि दोहोंना धरणारी चौकट. चाक फिरले की पट्टी दात्यावर चढते आणि खाचेत फटकन पडते. 8 दात्यांचे चाक सेकंदात 3 वेळा फिरले, तर 24 फटके झाले. मग वाडा जागा न होऊन सांगतो कुणाला!

चाकासाठी प्लायवूडचा तुकडा उत्तम. साध्या फळीचे चाक कापले, तर तिचे रेषे एकाच दिशेला असल्यामुळे काही दाते आडव्या रेषांवर येतात आणि तुटतात. प्लायवूडचे थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून ते टिकते. दोन थर चिकटवून पाऊण इंच जाडी केली की झाले. दात्याची एक बाजू उतरती, दुसरी सरळ ठेवावी. पट्टी मात्र बांबूच्या कामटीची, रेषे लांबीत धावणारी. चाक दांड्यावर पक्के बसवून आरपार बांबूची खुंटी मारावी. चौकटीची भोके मात्र थोडी सैल ठेवून त्यांत मेणबत्तीचे मेण चोळावे. कडा काचकागदाने घासायला विसरू नका, पोरांचे हात असतात.

मावशींसाठी मी थोडा फेरफार केला. खेळण्यात चौकट फिरते. इथे चौकटच खाटेच्या कडेला स्क्रूने आवळली आणि दांड्याला वाकडी मूठ लावली. डावा हात ज्या बाजूला सहज वळतो, त्याच बाजूला फिरतील असे दाते कापले, कारण उलट फिरवले तर पट्टी अडते. पट्टी लांब आणि पातळ केली. आवाज जरा उतरला, पण जोर कमी लागतो. आता एक फेरा म्हणजे पाणी, दोन म्हणजे या लवकर.

दिरांना हे प्रथम हसण्यासारखे वाटले. सुतारकाम बायकांचे नव्हे, असेही कुणी म्हणाले. मावशींनी पहिल्यांदा मूठ फिरवली, तेव्हा तेच कानस हातात घेऊन जिना चढून वर आले.

खेळणे म्हणून याला हसू नका. लंडनच्या पोलिसांजवळ शिट्ट्या येण्याआधी करकरेच असत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये विषारी वायूचा इशारा द्यायला हेच वाद्य ठरवले होते. ज्यू लोकांच्या पुरीम सणात दुष्ट हामानाचे नाव वाचले की ते वाजवतात. आपल्या कोकणातले बेने इस्रायल या सणाला होळीचा सण म्हणत आले. आपली पोरेही शिमग्याला बोंब मारतातच.

मंडळाच्या खोलीत मी तुकड्यांची पेटी ठेवली आहे. करवती तीन आहेत, कानस एकच. ज्यांच्या घरी जुनी कानस पडून असेल, त्यांनी रविवारी येताना आणावी. आणि ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेले असेल, त्यांनी त्या माणसाचा कोणता हात चालतो, ते आधी पाहून यावे.